अडसरचा भोंगा

आमच्या फुटबॉलच्या मैदानाच्या कोपऱ्यात पाण्याची एक टाकी उभी आहे. आधी मैदान झालं की आधी टाकी, यावर दोन पिढ्या भांडून दमल्या. कोणी का बांधली असेना, ज्यानं बांधली त्यानं आयुष्यात फुटबॉल पाहिला नव्हता, एवढं नक्की. तिच्या बाजूच्या बाकांवर बसलं की उजवीकडचा गोल दिसतच नाही. त्या बाकांवर बसणाऱ्या आम्हां लोकांना गावभर ‘टाकीवाले’ म्हणतात. अर्धा सामना डोळ्यांनी बघायचा आणि अर्धा कानांनी, अशी आमची रीत. दुसरीकडे बसायला जागा नसते असं नाही. पण इथं सावली असते, आणि इथली माणसं एकजात तोंडाळ. शिंपी इथंच बसतो, निवृत्त पोस्टमन इथंच बसतो, आणि आमच्यात कोणी चांगलं बोलायला लागलं की त्याला आम्ही समोरच्या बाकांवर पाठवून देतो.

उजवीकडे काय चाललंय ते आम्हांला खांबावरचा भोंगा सांगतो. म्हणजे सांगायला हवं. पण माईक वर्षानुवर्षं मास्तरांकडे होता. मास्तर शाळेतून निवृत्त झाले, तरी बोलण्यातून झाले नव्हते. आवाज भरदार, भाषा शुद्ध, फक्त खेळाशी तिचा संबंध नसे. तिकडे टाकीमागं धुमश्चक्री चाललेली असायची आणि मास्तर खुर्च्या देणाऱ्या मंडप कंत्राटदाराचे मनःपूर्वक आभार मानत असायचे. आभार संपेपर्यंत गोल होऊन चेंडू परत मधोमध आलेला. मग मास्तर म्हणायचे, “आणि रसिकहो, खेळ पुन्हा सुरू होत आहे.” शिंपी विचारायचा, “अरे, पण थांबला कधी होता?”

मग आली अडसर. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते हिला बघूनच म्हटलं असावं.

हे नाव काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाही. तरुणपणी ती बायकांच्या संघातून बचावफळीत खेळायची. बायका फुटबॉल खेळतात म्हटल्यावर पहिल्या रविवारी निम्मं गाव हसायला गेलं होतं. दुसऱ्या रविवारी तेच लोक लवकर जाऊन जागा धरत होते. दाराला आतून आडवा लाकडी अडसर घातला की बाहेरच्यानं कितीही धडका द्याव्यात, तसली ती. समोरून येणाऱ्या पोरीचा चेंडू तरी पुढं जाई किंवा पोरगी तरी; दोघं मिळून कधी गेली नाहीत. त्या काळात शिंप्यानं तिच्या संघाच्या सगळ्या चड्ड्या फुकट शिवून दिल्या. त्याचं तिच्यावर मन होतं असं मी म्हणत नाही. मी तसं म्हणतो, असं तो सगळ्यांना सांगत फिरतो.

लग्न मात्र तिनं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी केलं. डोळ्याला भिंग लावून दिवसभर गप्प बसणारा माणूस. घरात बोलायचं खातं एकाकडेच असल्यामुळे संसार सुरळीत चालला. पुढं गुडघा गेला, खेळ सुटला, आणि तिनं सरकारी दवाखान्यात प्लॅस्टरच्या खोलीत नोकरी धरली. गावानं लगेच म्हणायला सुरुवात केली, आधी बाई गिऱ्हाईकं तयार करायची, आता त्यांची सेवा करते. हे तिच्या कानावर गेलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “मग? धंदा असाच करतात.”

त्या खोलीत एकदा जाऊन या. मी मनगट मोडून गेलो होतो. कोमट पाण्याची बादली, पांढऱ्या चुऱ्यानं माखलेलं टेबल, भिंतीला टांगलेली गोल करवत आणि मधोमध ही. पट्टी पाण्यात बुडवते, बुडबुडे थांबेपर्यंत थांबते, हलक्या हातानं पिळते आणि गुंडाळता गुंडाळता तोंड सुरू. “हलू नकोस. जिना दिसत नव्हता का? चष्मा कुठंय? घरी? घरी काय भिंत बघायचीय?” तळव्यानं प्लॅस्टर गुळगुळीत करेपर्यंत माणसाची हजामत झालेली असते. पण हात असा की दुखलेलं कळत नाही. लोक कळवळतात ते तोंडामुळे.

तिला माईक मिळाला तो मास्तरांच्या घशामुळे. एका रविवारी ऐन सामन्याच्या आधी घसा असा बसला की तोंड उघडलं तरी नुसती हवा यायची. क्लबचे सेक्रेटरी घामाघूम. त्यांना भोंगा बंद ठेवणं म्हणजे तोंडाला काळं लागल्यासारखं. अडसर नेहमीप्रमाणे रेषेजवळ उभी राहून खेळाडूंवर ओरडत होतीच. टाकीवाल्यांनी गलका केला, “अहो सेक्रेटरी, नाही तरी बाई विनामाईकच ऐकू येतेय, निदान तार तरी जोडा!”

तिला माईकच्या वरच्या खोलीत नेऊन तार जोडली. भोंगा खरखरला आणि पहिलं वाक्य आलं, “मास्तरांचा घसा बसलाय, आता मी बोलणार. त्या सात नंबरला सांगा, आधी बुटाची नाडी बांध म्हणावं.”

सात नंबर खाली वाकला आणि आमची बाकं नाचली.

काय सांगू तुम्हांला! त्या दिवशी पहिल्यांदा आम्हांला टाकीच्या आरपार दिसलं. ही बाई झालेलं सांगत नव्हती, होणारं सांगत होती. “आता हा डावीकडे टाकणार. टाकू नको रे, तिथं कोणी नाहीये. टाकलाच! घ्या. पालथ्या घड्यावर पाणी.” कोणाचे आभार नाहीत, कोणाला हार नाहीत. गोलरक्षक झोपला तर झोपला म्हणायची. पंच चुकले तर म्हणायची, “पंचांना माझा नमस्कार सांगा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता द्या.” चांगलं खेळलं की मात्र एकच शब्द, “शाब्बास.” तो असा येई की खेळाडू त्यावर आठवडाभर ताठ चालायचा.

मास्तरांचा घसा महिन्याभरात बरा झाला, पण तोवर त्यांची गादी गेली होती. टाकीवाले तर वेडेच झाले. शिंप्यानं ‘आमची अडसर, आमचा आवाज’ असा फलक शिवला, आणि शिवताना बोटात सुई घालून घेतली. दवाखान्यात धडधाकट माणसं पाय धरून प्लॅस्टरच्या खोलीशी घुटमळायला लागली, रविवारच्या गोलाची चर्चा करायला. ती त्यांना बादलीतलं पाणी दाखवून हाकलायची. पोस्टमन तर घरी बायकोशीही तिच्या ढंगात बोलायला लागला, “आता ही रागावणार. रागावू नको. रागावलीच!” त्याच्या बायकोनं अडसरच्या घरी जाऊन तक्रार केली. घड्याळजी भिंगातून वर बघून म्हणाले, “तुमच्याकडे फक्त नक्कल आहे. समाधान माना.”

आता त्यातली गोम ऐका. भोंग्याची तोंडं चारी दिशांना. तो आम्हांला ऐकू येतो तसा मैदानात खेळणाऱ्यांनाही ऐकू येतो. पण इतकी वर्षं भोंग्यातून मास्तर बोलत होते. ते ऐकून कोणी खेळ बदलल्याचं उदाहरण नव्हतं; मुळात ऐकल्याचंच नव्हतं. त्यामुळे मैदानावर कान असतात, हे आमच्या क्लबात कोणाच्या डोक्यातच आलं नाही. सेक्रेटरींच्या नाही, अडसरच्या नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

उपांत्य सामना होता. आमच्या संघात बचावाला चार नंबर खेळतो, त्याला सगळे ‘शिडी’ म्हणतात, कारण उंच आणि सरळ. हा शिडी म्हणजे अडसरचा होणारा जावई. मागं सरावात त्याचा घोटा मोडला, प्लॅस्टर तिनंच घातलं, आणि आईचा विसरलेला चष्मा द्यायला लेक खोलीत आली. पुढचं प्लॅस्टर वाळायच्या आत जमलं. अडसरला कळेपर्यंत लग्न ठरल्यात जमा होतं. तेव्हा ती म्हणाली होती, “माझ्या टेबलावर आडवा पडून माझ्याच पोरीला पटवलंस. तुला चेंडू एवढ्या लवकर का नाही रे मिळत?”

प्लॅस्टर काढताना तिनं त्याला बजावलं होतं, एवढ्यात खेळू नकोस, प्रशिक्षकाला सांग. यानं हो हो म्हटलं आणि गप्प राहिला. उपांत्य सामना कोण सोडतो? सामन्यात आम्ही एका गोलानं पुढं. शिडी डाव्या पायावर भार देऊन कसाबसा निभावत होता. प्रशिक्षकाच्या लक्षात आलं नाही, पाहुण्यांच्याही नाही. अडसरच्या मात्र आलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. उचलली जीभ लावली टाळ्याला. भोंगा कडाडला:

“हा चार नंबर उजवी टाच टेकवत नाहीये. त्या पायाचं प्लॅस्टर मी स्वतः काढलंय, हाड अजून कच्चं आहे. सांगून ऐकत नाही गाढव! याच्या उजव्या अंगानं आता शेंबडं पोरगंही जाईल.”

शेंबडं पोरगं नाही, पाहुण्यांचा अकरा नंबर गेला. आधी एकदा भोंग्याकडे बघितलं त्यानं, कृतज्ञतेनं बघावं तसं, आणि मग थेट शिडीच्या उजव्या अंगानं. शिडी वळायला गेला, पाय वळला नाही. गोल.

भोंग्यातून खूप हळू, “अगं बाई.”

सामना बरोबरीत सुटला. पुढच्या रविवारी पुन्हा खेळायचं ठरलं, कारण निकाल लागल्याशिवाय पाहुणेही घरी जायला तयार नव्हते.

सेक्रेटरींच्या खोलीत त्या संध्याकाळी काय झालं ते मला कळायचं कारण नव्हतं. पण त्या खोलीची खिडकी मोडकी आहे आणि मला बुटात खडा गेल्यामुळे तिथंच बसावं लागलं.

“आपल्याच संघावर गोल चढवलात बाई तुम्ही!” सेक्रेटरी ओरडले. “बावीस खेळाडू आणि तेविसावा भोंगा!”

“झालं चुकून. मला काय ठाऊक, ती कार्टी ऐकतात?”

“लेखी माफी मागा. सगळ्या खेळाडूंची. पंचांची. माझीसुद्धा. आणि यापुढं कोणालाही वाईट म्हणायचं नाही. सगळे उत्तम खेळत आहेत, असं म्हणायचं.”

“सगळे उत्तम खेळत असते तर तुम्हांला एकच कप का मिळाला असता, तोही उत्तेजनार्थ?”

“बाई!”

“हे बघा सेक्रेटरीसाहेब, खोटं बोलायला तुमच्याकडे मास्तर आहेत. मला माईक द्या किंवा देऊ नका, पण घशात बोळा घालून मी बसणार नाही.”

माईक गेला. पण त्याचं तिला एवढं लागलं नाही. घरी लेक बोलेना. तीन माणसांच्या घरात एक आधीच मुका, दुसरीनं अबोला धरला, म्हणजे अडसरला भिंतीशीच बोलायची वेळ. शिडीनं निरोप पाठवला होता की आपण सध्या भेटू नये. लग्नाचं काय, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. मी विचारलं. तिनं मला जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

पुढच्या रविवारी भोंग्यावर मास्तर परतले. शिडी पाय बांधून खेळाडूंच्या बाकावर बसलेला. आणि अडसर आली ती सरळ आमच्यात, टाकीपाशी. शिंप्यानं आपली गादी तिला दिली आणि स्वतः दगडावर बसला.

“इथून तर गोलच दिसत नाही रे!” ती म्हणाली. इतकी वर्षं रेषेजवळून आणि अलीकडे वरच्या खोलीतून सामने बघितलेली बाई.

“आम्हांला काय सांगता,” पोस्टमन म्हणाला. “आम्ही इथं म्हातारे झालो.”

सामना सुरू झाला. भोंगा सांगत होता, “रसिकहो, आज आकाश कसे निरभ्र आहे!” आणि चेंडू टाकीमागं गेला. आम्ही सवयीनं माना टाकल्या. पण अडसर उठून उभी राहिली. तिला दिसत होती ती फक्त मधल्या खेळाडूंची पाठमोरी अंगं आणि समोरच्या बाकांवरची माणसं.

“आपला नऊ आत घुसलाय,” ती म्हणाली. “कसं म्हणजे काय? समोरच्यांच्या माना बघा ना, हळूहळू वळतायत. म्हणजे चेंडू पायात आहे. हवेत असता तर वर झाल्या असत्या. आता त्यांचा बचाववाला मागं पळतोय, हात वर करून. हात वर करणारा कधीच वेळेवर पोचत नाही. गेला! मारा टाळ्या.”

आम्ही टाळ्या मारल्या. समोरून आरोळी त्यानंतर आली. आयुष्यात पहिल्यांदा टाकीवाल्यांनी गोल समोरच्यांच्या आधी साजरा केला! पोस्टमननं शिंप्याचा मुका घेतला. शिंप्यानं तोंड पुसत अडसरकडे बघितलं, काय अपेक्षेनं ते मी सांगणार नाही.

हळूहळू समोरच्या बाकांवरची माणसं उठून आमच्याकडे यायला लागली. जिथून दोन्ही गोल स्वच्छ दिसतात त्या जागा सोडून, जिथून एक दिसत नाही तिथं, खांद्याला खांदा लावून. आम्हांला आमच्याच बाकांवर टेकायला जागा उरली नाही. मध्यंतरानंतर भोंगाही थांबला. सेक्रेटरी वर धावले, तर खोली रिकामी. मास्तर आमच्या मागच्या रांगेत, शाल कानावरून बाजूला सारून उभे.

“मास्तर, तुम्ही?” मी विचारलं.

“गप्प बसा हो,” मास्तर म्हणाले, “ऐकू द्या.”

सामना जिंकलो. पण अडसर काही खुशीत नव्हती. सगळे पांगले तसे ती खेळाडूंच्या बाकाकडे गेली. मी मागोमाग गेलो, सोबत म्हणून.

“पाय बघू,” ती म्हणाली.

“नको काकू.” आई म्हणायला लागलेला पोरगा पुन्हा काकूवर आला होता.

“सूज आहे?”

“आहे.” मग न राहवून बोलला, “लंगडत होतो ते दिसलं, ते बोललात, त्याचा मला राग नाही. गाढव म्हणालात, त्याचाही नाही. गाढवच होतो. पण प्लॅस्टर, हाड, ते सगळं तुम्हांला तुमच्या खोलीत कळलं होतं. टेबलावर पडलेल्या माणसाचं तुम्ही भोंग्यावरून सांगितलंत. उद्या तिथं पाय घेऊन कोण येईल?”

अडसर त्याच्याशेजारी बाकावर बसली.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “पायाचं नाही. खोलीचं.”

“सगळ्यांसमोर बोललात, मला एकट्याला काय सांगताय?”

“भोंगा कुठंय माझ्याकडे?”

“मग मिळवा,” शिडी म्हणाला आणि लंगडत निघून गेला. जावई शोभतो खरा.

अंतिम सामन्याला अवकाश होता. त्या दिवसांत ती सेक्रेटरींकडे गेली आणि म्हणाली, “मला सुरुवातीला दोन वाक्यांपुरता माईक द्या. माफी मागायचीय.” सेक्रेटरींना स्वर्ग दोन बोटं उरला. बाई वठणीवर आल्या, असं त्यांनी गावभर सांगितलं. हात दाखवून अवलक्षण.

अंतिम सामन्याला मैदान फुल्ल. शिडीचा घोटा बरा झाला होता, डॉक्टरांनीच खेळायची परवानगी दिलेली. संघ रांगेत उभे. भोंगा खरखरला.

“मी बोलतेय. चार नंबरच्या पायाची गोष्ट मला माझ्या कामाच्या खोलीत कळली होती. ती इथं बोलायची नव्हती, मी बोलले. चार नंबर, मी तुझी माफी मागते. माझ्या खोलीत येणाऱ्या कोणाचंही पुन्हा या भोंग्यातून येणार नाही, कानाला खडा. बाकी जे जे बोलले त्यातला एक शब्द मी मागं घेत नाही. पंचांचं तर मुळीच नाही.”

सेक्रेटरी माईक हिसकायला धावले. पण माईक त्याआधीच मास्तरांनी उचलला आणि शांतपणे तिच्या पुढ्यात ठेवला. “बाई, तुम्हीच बसा,” ते म्हणाले, आणि तेही भोंग्यातून साऱ्या गावाला ऐकू गेलं. “मी खाली जागा धरून ठेवलीय.” मग सेक्रेटरींकडे वळून, “आणि तुमच्या कंत्राटदाराचे आभार तुम्ही घरी जाऊन माना.”

एवढं मोठं मैदान आपल्यासाठी ओरडताना ऐकायची मास्तरांची ती पहिलीच वेळ असावी. सेक्रेटरींनी चारी बाजूंना बघितलं आणि आपल्याच कल्पनेला मान डोलवावी तशी मान डोलवली. हुशार माणूस.

सामना रंगला. अडसर अशी बोलत होती की जणू महिनाभराचं तुंबलेलं सोडलंय. नवा नियमही तिनं स्वतःच लावून घेतला: चेंडू पायातून सुटेपर्यंत तोंड उघडायचं नाही, म्हणजे खेळणाऱ्यांना फुकटचा सल्ला नको. त्यामुळे ती आता अर्ध्या श्वासानं मागं असायची आणि त्या अर्ध्या श्वासात तिचा किती जीव जायचा ते भोंग्यातून ऐकू यायचं. सातला झापलं, नऊला शाब्बास म्हणाली, पाहुण्यांच्या गोलरक्षकाचंही कौतुक केलं, पंचांना पुन्हा डॉक्टरांचा पत्ता दिला.

फक्त चार नंबरबद्दल एक अक्षर नाही. शिडीनं दोन वेळा गोल वाचवला, तरी “चेंडू परत आला.” शिडीनं एकदा चेंडू घालवला, तरी “चेंडू गेला.” जणू तिथं कोणी उभंच नाही, वारा खेळतोय. आम्हांला वाटलं, बाई जपतेय. शिंपी म्हणाला, “कसं मन मोठं केलंय बघ.”

मध्यंतरानंतर चेंडू नेमका वरच्या खोलीखाली रेषेबाहेर गेला. आत टाकायला शिडी आला. चेंडू हातात घेतला, डोक्यावर उचलला, आणि तसाच थांबला. सगळे वाट बघतायत. पंच शिट्टी तोंडात धरून उभे. शिडीनं चेंडू खाली घेतला, मान वर केली आणि खिडकीकडे बघून जीव तोडून ओरडला:

“अहो आई! मी काय मेलोय का? बोला की माझ्याबद्दल काहीतरी!”

भोंगा हलका खाकरला.

“चार नंबर,” भोंगा म्हणाला, “चेंडू हातात घेऊन गप्पा मारत उभा आहे. त्याच्या मागं पाहुण्यांचे दोघं मोकळे, आणि याला सासू आठवतेय. टाक रे तो चेंडू, मेल्या!”

शिडीनं हसत हसत चेंडू टाकला. सरळ पाहुण्यांच्या पायात.